पूजेतला पाना

माजलगावच्या मोंढ्याजवळ गुरुपाद शेटे यांचं पंपाचं दुकान आहे. त्यांचा मुलगा राजेश्वर शाळेत जायच्या वयात पहिला धडा शिकला तो याच दुकानात, आणि तो होता हवेचा. विहिरीवरच्या पंपाचा एकच वैरी, तो म्हणजे हवा. पाइपाचं तोंड पाण्यात खोल असेल तोवर पंप गुणानं चालतो. पाणी उतरलं, तोंड उघडं पडलं, की पंप हवा धरतो. मग तो नुसता किंचाळत फिरतो आणि उसाच्या सरीत थेंब येत नाही.

"पाइप हातभर खोल सोड," वडील, म्हणजे अण्णा, सांगायचे. "जास्त गेला तर काय बिघडत न्हाई. कमी गेला की समदंच बिघडतं."

राजेश्वरनं हे मनावर कोरून घेतलं. आता तो चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, हाताला ग्रीसचा वास कायमचा चिकटलेला माणूस आहे. रस्त्यानं जाता जाता आवाज ऐकून तो सांगतो, कुणाच्या पंपानं हवा धरलीय. शेतकरी त्याला राजाभाऊ म्हणतात आणि फोन केला की तो मोटारसायकलवर हजर होतो.

निदान बोट येईपर्यंत तरी व्हायचा.

बोट आली ती अशी. परभणीकडं एक बोट क्लब बंद पडला होता. तिथले जुने पंप भंगारात निघालेत असं कळलं म्हणून राजेश्वर ट्रॅक्टर घेऊन गेला. पंप काही कामाचे नव्हते. पण शेडच्या कोपऱ्यात पांढऱ्या फायबरची एक निमुळती बोट पालथी पडली होती. तिच्या पाठीवरून त्यानं हात फिरवला आणि संपलं. संध्याकाळी ट्रॉलीत बोट आणि शेजारी चाळीस हॉर्सपॉवरचं, बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून टांगायचं यंत्र, अशी वरात दारात आली.

कावेरी, त्याची बायको, कणकेच्या हातानं बाहेर आली. "पंप आणायला गेलतात ना? मग हे काय आणलंत? यात काय गौरी-गणपती बुडवायचेत का?"

"शर्यतीची बोट हाय ही."

"माजलगावात?"

"धरण न्हाई का एवढं?"

कावेरी आत गेली. पण पोळी लाटता लाटता ती हसत होती, हे राजेश्वरनं खिडकीतून पाहिलं.

धरणावर दसऱ्याच्या दुपारी बोटींच्या शर्यती सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती. नियम सोपा. सगळ्यांना यंत्र चाळीस हॉर्सपॉवरचंच. घाटावरून निघायचं, पाण्यात दूर ठेवलेल्या केशरी ड्रमला वळसा घालून परत यायचं, असे दोन फेरे. जिंकायचे दरवर्षी बंकटराव. मोठे बागायतदार, पुढारी माणूस. त्यांच्या बोटीचं यंत्र जुळवून लावायला पुण्याहून खास मेस्त्री यायचा.

राजेश्वरची बोट चालवायला सायली होती. तिचे वडील तानाजी यांची जमीन धरणाच्या फुगवट्याच्या पल्याड, त्यामुळं ही पोरगी लहानपणापासून होडी वल्हवत शेतात गेलेली. पुढं तिनं बीडला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. पाण्याची तिला भीती नव्हती आणि यंत्राचीही नव्हती. पण गेल्या वर्षी त्यांची बोट शेवटची आली. नुसती शेवटची नाही. बाकीच्या बोटी घाटाला लागून माणसं चहा प्यायला बसली, तेव्हा ही आली.

"राजाभाऊ," बंकटराव सगळ्यांदेखत म्हणाले, "बोट हाय का रेडा? नांगराला जुंपा तिला, नांगराला."

घाट हसला. अण्णाही तिथंच होते. ते हसले नाहीत, पण घरी येऊन हातपाय धुतले, कपाळाला विभूती लावली आणि राजेश्वरला समोर बसवलं.

"गिऱ्हाईक दुकानावर येतं, तू धरणावर असतोस. लोक काय म्हणत्यात ते ऐकलंस आज. एक वर्ष देतो. फुडच्या दसऱ्याला हरलास तर बोट विकायची. सकाळी गल्ल्यावर बसायचं आणि धरणाकडं बघायचं पण न्हाई. कबूल?"

राजेश्वरनं मान हलवली. "कबूल."

यंदा पावसाळा उतरला आणि धरण भरलं, तसे राजेश्वर आणि सायली रोज सकाळी पाण्यावर जाऊ लागले. सायलीचं म्हणणं एकच होतं. "काका, यंत्र लई खोल टांगलंय तुमी. खालचं धूड पाण्यात जितकं जास्त, तितकं पाणी त्याला अडवतं. वर घ्या."

"वर घेतलं की हवा धरंल."

"अहो हा पंप न्हाई."

"पंखा पाणी मागं लोटतो का न्हाई? मग पंपच की."

यंत्राच्या पंख्यावर एक आडवी धातूची पट्टी असते, वरून हवा पंख्यापर्यंत उतरू नये म्हणून. राजेश्वर तिला छज्जा म्हणायचा. त्यानं छज्जा बोटीच्या तळापेक्षा चांगला वीतभर खाली ठेवला होता. अण्णांची शिकवण: जास्त गेला तर काही बिघडत नाही. पण इथंच तर बिघडत होतं. पाण्याखालचं ते धूड नांगराच्या फाळासारखं पाणी कापत, ओढत चाललं होतं. बंकटराव नांगर म्हणाले ते चिडवायला, पण फार चुकले नव्हते.

शेवटी सायलीच्या हट्टापायी त्यानं यंत्र वर घेतलं, छज्जा तळाच्याही वर. बोट वेगात आली आणि यंत्र किंचाळलं. हवा धरलेल्या पंपासारखं, तंतोतंत तसंच. आवाज आभाळाला आणि बोट जागच्या जागी.

"ऐकलंस?" राजेश्वर म्हणाला.

"ऐकलं," सायली म्हणाली आणि तिनं यंत्र बंद केलं.

दोघंही अर्धे बरोबर होते, आणि अर्ध्यावर शर्यत जिंकता येत नाही.

त्यानंतर राजेश्वरनं एक साधी गोष्ट केली. तो बोटीत उलटा बसला. सायली पुढं बघत चालवत होती, हा मागं तोंड करून, यंत्राच्या बाजूनं पाण्याकडं बघत बसला. वेगात असताना बोटीच्या तळाखालून पाणी सुटत होतं ते सपाट, काचेसारखं. मागच्या फळीला लागून तर खड्डाच होता. पण तिथून थोडं मागं गेलं की तेच पाणी वर उसळत होतं. कालव्याच्या दारातून सुटलेलं पाणी थोडं पुढं जाऊन डोकं वर काढतं ना, तसं.

"सायली, थांब! थांब म्हणतो ना!"

"काय झालं? कोण पडलं?"

"कोणी पडलं न्हाई गं. पाणी कुठं हाय ते सापडलं."

दुसऱ्या दिवशी त्यानं लाकडाची एक लांब पट्टी खडूनं पांढरी केली आणि लोखंडी दांड्याला बांधून बोटीच्या मागं उभी धरली. आधी फळीजवळ, मग थोडी मागं, मग आणखी मागं. दर फेरीला पाण्यानं खडू धुतला जायचा आणि वर एक रेघ उरायची. फळीजवळ रेघ खाली. जितकं मागं जावं तितकी रेघ वर.

सायलीनं पट्टी हातात घेतली आणि तिचे डोळे चमकले. "म्हणजे काका, यंत्र फळीलाच टांगायचं न्हाई. मागं सरकवायचं. मागं पाणी उंच हाय, तिथं वर घेतलं तरी पंखा पाण्यातच राहतो. मी वाचलंय हे, पण मला वाटायचं ते मोठ्या बोटींचं असतं."

"आन् हवा?"

"हवा खड्ड्यात राहिली. आपण खड्ड्याच्या पल्याड गेलो."

राजेश्वर मोठ्यानं हसला. बाप खोटं बोलत नव्हता. फक्त विहिरीतलं पाणी जागेवर उभं असतं, आणि बोटीमागचं चालत असतं.

जुन्या नांगराची लोखंडी पट्टी कापून त्यानं फळी आणि यंत्र यांच्यामध्ये बसेल अशी चौकट बनवली. तिला घोडी हे नाव पडलं. घोडीला एकाखाली एक भोकं होती, बोटबोटभर अंतरानं. यंत्र वर-खाली करायचं ते या भोकांवर. तिचे नट अशा कोनाड्यात आले की बाजारातला एकही पाना तिथं पोचेना. मग त्यानं एक जुना पाना तापवून वाकवला, कानशीनं घासला, आणि घोडीपुरता एक वेगळाच पाना तयार केला. बगळ्याच्या मानेसारखा. त्या नटांना तोच एक चालायचा.

पहिल्या दिवशी उत्साहात घोडी फारच लांब झाली. मागचं ओझं वाढलं आणि बोट नाक वर करून उड्या मारायला लागली. तोंड वर, तोंड खाली, धप्प, परत वर.

"काका, ऊस जास्त भरला ट्रॉलीत," सायली ओरडली. "ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली बघा!"

घोडी थोडी आखूड केली. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी मागून काढून पुढं सायलीच्या पायाशी नेली. बोट शांत झाली. मग सुरू झालं भोकांचं काम. एक भोक वर, एक फेरी. मोबाइलवर वेग बघायचा. यंत्राला थंड ठेवणारं पाणी बाजूनं धार धरून पडतं, ती धार बारीक झाली का बघायचं. वळणावर पंखा सुटतो का ऐकायचं. एका वेळी एकच बदल, हे सायलीचं. आवाज कानानं पारखायचा, हे राजेश्वरचं.

गेल्या वर्षी मोबाइलनं ताशी बेचाळीस किलोमीटर दाखवले होते. आता सत्तेचाळीस आले. मग एक्कावन्न. एका सकाळी धरण आरशासारखं असताना, छज्जा तळाच्या दोन बोटं वर असताना, छप्पन्न आले. धार नीट होती, वळणावर पंखा सुटला नव्हता. आणखी एक भोक वर घेतल्यावर मात्र सुटला. म्हणजे जागा सापडली होती.

बोट पाण्याला फक्त हात लावून चालली होती. राजेश्वर काठावर उभा होता आणि बोट काठाला लागली तरी बाहीनं डोळे पुसत होता.

"काका, रडताय का?"

"डोळ्यात पाणी उडालं."

"तुमी काठावर उभे होता."

अष्टमीच्या संध्याकाळी त्यानं यंत्र त्याच भोकावर घट्ट आवळलं. घाई होती, कारण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. शेट्यांच्या दुकानात त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन, पुसून पूजेला मांडतात. पाने, हातोडे, कानशी, सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूची फुलं. दसऱ्याला संध्याकाळी आपट्याची पानं वाहून नारळ फुटेपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. मोंढ्यातली बाकीची दुकानं यात सवलत घेतात; अण्णांनी कधी घेतली नव्हती. एकदा भर दसऱ्याला कुणाचा पंप बंद पडला तर त्यांनी स्वतः विहिरीवर बसून बादल्या ओढायला मदत केली होती, पण पाना उचलला नव्हता. नवमीला राजेश्वरनं वाकडा पाना स्वतःच्या हातानं पाटावर ठेवला, त्यावर झेंडू वाहिला आणि निश्चिंत मनानं नमस्कार केला.

दसऱ्याच्या सकाळी वारा सुटला.

दुपारी राजेश्वर घाटावर पोचला तेव्हा धरण त्याला ओळखू येईना. लाटा पायऱ्यांवर फटाफट आपटत होत्या. केशरी ड्रम लांबवर डुलत होता. सायलीनं एक फेरी मारली आणि परत येताना तिचा चेहराच सांगत होता.

"सरळ जाताना ठीक हाय. वळताना लाट आडवी येते आन् पंखा उघडा पडतो. दोनदा सुटला. एक भोक खाली घ्यायला पाहिजे काका."

"सपाट पाण्यात लावलं मी," राजेश्वर कपाळाला हात लावून म्हणाला. "आणि पाना पूजेत ठेवून आलो."

पलीकडं बंकटराव आपल्या बोटीपाशी उभे होते. पुण्याचा मेस्त्री त्यांना हळू आवाजात काहीतरी समजावत होता, लाटांकडं बोट दाखवत होता. बंकटरावांनी हात झटकला. "गेल्या साली जिंकली ती अशीच जिंकली. हात लावू नगा तिला." मग इकडं वळून, "काय राजाभाऊ, यंदा रेड्याला घोडी केली म्हणं?"

राजेश्वर बाजूला झाला. त्यानं कावेरीला फोन लावला.

"कावेरी, अण्णा कुठं हायत?"

"पूजेसमोर. काठी घेऊन बसलेत. मांजर फिरतंय म्हणत्यात, पण मला तर वाटतं तुमच्यासाठीच बसलेत."

"वाकडा पाना लागतोय गं."

"अहो, आज? मामंजी उचलू देतील?"

"विचार. वारा सुटलाय म्हणावं. एक भोक खाली न्हाई घेतलं तर वळणावर हवा धरतंय. एवढंच सांग. बाकी काय सांगू नको."

तो पायरीवर बसून राहिला. शर्यतीचा भोंगा वाजायला फार वेळ नव्हता. दोन बोटी ओढून पाण्यात लोटल्या गेल्या. सायली लाइफ जॅकेटचे पट्टे परत परत आवळत होती. राजेश्वरच्या डोळ्यांसमोर गल्ला येत होता; लाकडी गल्ला, त्याच्यामागची खुर्ची, आणि धरणाकडं पाठ असलेली भिंत.

तेवढ्यात घाटाच्या उतारावर कावेरीची स्कूटी दिसली. मागं अण्णा बसले होते. धोतराचा सोगा आवरलेला, एका हातानं टोपी धरलेली, आणि दुसऱ्या हातानं उपरण्यात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी कवटाळलेलं.

अण्णा उतरले. उपरणं उलगडलं. वाकड्या पान्याला हळदीकुंकू तसंच होतं आणि मानेला झेंडूचं फूल दोऱ्यानं बांधलेलं.

"तुमी उचलला?" राजेश्वरचा विश्वास बसेना.

"मांडला तूच होतास. उचलायचा मान माझा." अण्णा बोटीच्या मागं गेले, वाकले आणि त्यांनी छज्जा बघितला. मग तळ बघितला. मग परत छज्जा. "हे एवढं वर? आरं, हवा धरंल की!"

"लाटेत धरतंय, म्हणून तर खाली घ्यायचं."

"किती?"

"एक भोक."

"दोन घे."

"एकच, अण्णा. दोन घेतलं तर परत नांगर होतोय."

अण्णांनी त्याच्याकडं पाहिलं. पन्नास वर्षं हा माणूस लोकांना सांगत आला होता, आणखी खोल सोडा. अण्णांनी झेंडूचं फूल सोडून स्वतःच्या टोपीत खोवलं आणि पाना पुढं केला.

"तुझं पाणी हाय. तुला ठावं."

भोंगा वाजायच्या जरा आधी नट आवळून झाले.

चार बोटी सुटल्या. सरळ रेषेत बंकटरावांची बोट देखणी धावली, सायलीच्या पुढं एका बोटीच्या लांबीनं, मग दोन बोटींच्या. घाटावर त्यांची माणसं शिट्ट्या मारायला लागली. राजेश्वर बघत नव्हता. त्यानं डोळे मिटले होते आणि तो ऐकत होता.

पहिलं वळण आलं. वाऱ्यावरून एक किंकाळी ऐकू आली. हवा धरलेल्या पंपाची, त्याच्या ओळखीची.

"आपली न्हाई," शेजारून अण्णा शांतपणे म्हणाले. "आपली ही, खालच्या पट्टीतली. ऐक की."

राजेश्वरनं डोळे उघडले. बंकटरावांची बोट ड्रमपाशी घसरून पसरट वळत होती, यंत्र आकांत करत होतं, आणि आतल्या बाजूनं, ड्रमला जवळजवळ खेटून, सायली कापत निघाली होती. तिच्या यंत्राचा सूर एकदाही तुटला नाही. दुसऱ्या फेऱ्यात बंकटरावांनी सरळ पाण्यात तिला पुन्हा गाठलं आणि वळणावर पुन्हा गमावलं. शेवटच्या वळणातून बाहेर पडताना दोघांत एवढं अंतर होतं, की सायलीनं मागं वळून बघितलं आणि हात वर केला.

"पुढं बघ पोरी, पुढं!" तिचे वडील तानाजी काठावरून ओरडले. पण तेही हसत होते.

पांढरी बोट घाटाला आली ती पहिली. कावेरीनं राजेश्वरच्या पाठीत असा धपाटा घातला की तो एक पायरी खाली आला. "रेडा म्हणत होते! आता म्हणा!"

पुण्याचा मेस्त्री सरळ पाण्यात उतरून घोडीपाशी गेला. भोकं मोजली, फळीपासूनचं अंतर बोटांनी मापलं. "मला पण खाली घ्यायचं होतं," तो राजेश्वरला म्हणाला. "मालकांनी हात लावू दिला नाही. ही चौकट फार छान केलीत. आणि हा पाना कुठून आणला?"

"पूजेतून," राजेश्वर म्हणाला.

बंकटरावांनी येऊन हात मिळवला. राजकारणी माणूस, हरल्यावर कसं वागायचं ते त्यांना येत होतं. "राजाभाऊ, फुडच्या साली आमची पण लावून द्या."

"पंप असला तर लावतो," राजेश्वर म्हणाला. घाट पुन्हा हसला, पण यावेळी राजेश्वरच्या बाजूनं.

या सगळ्यात अण्णा कुठं गेले ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सापडले ते बोटीत. धोतर आवरून, मागं तोंड करून, यंत्राकडं बघत बसलेले.

"अण्णा, तिथं काय करताय?"

"सायलीला बोलव. एक फेरी मार म्हणावं. हवा कुठं राहती आन् पाणी कुठं उसळतं ते मला बघायचंय."

"आधी जॅकेट घाला."

"दे."

टोपीवर झेंडू, अंगात केशरी जॅकेट, अशा थाटात गुरुपाद शेटे धरणावर निघाले. बोट वेगात आली. राजेश्वर त्यांच्या शेजारी बसला होता. अण्णा वाकून मागच्या पाण्याकडं बघत होते. तो खड्डा, ती उसळी, आणि त्या उसळीत गुणानं फिरणारा पंखा. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

"राजा."

"काय अण्णा?"

"उद्या दुकान मी उघडतो. तू ये सावकाश." मग सायलीकडं मान वळवून ते ओरडले, "आन् तू गं, एवढंच पळतंय का हे?"